‘ईना मीना डीका’चं गोत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

लग्नसराईत पुसदच्या रस्त्यावरून वरात निघाली की बँडवाले एक जुनं गाणं हमखास वाजवतात. डीजेनं बँडवाल्यांचा धंदा बराच खाल्ला, तरी जिथे हौसेनं बँड सांगितलेला असतो तिथे क्रम ठरलेला. आधी देवाचं गाणं, मग नागीण, आणि मंडळी नाचायला तापली की क्लॅरिनेटवाला ‘ईना मीना डीका’ उचलतो. नवरदेवाचे आजोबा त्यावर दोन पावलं टाकतात आणि इंग्रजी शाळेत जाणारा नातूही टाकतो. शब्द दोघांना पाठ असतात. अर्थ मात्र दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही, कारण अर्थ असा काही त्यात नाहीच.

१९५७ साली आलेल्या ‘आशा’ या चित्रपटातलं हे गाणं. दिग्दर्शक एम. व्ही. रामन, गीतकार राजेंद्रकृष्ण, पडद्यावर किशोरकुमार आणि वैजयंतीमाला. गाणं चित्रपटात दोनदा येतं, एकदा किशोरकुमारच्या आवाजात आणि एकदा आशा भोसल्यांच्या. संगीतकार सी. रामचंद्र. हिंदी चित्रपटातल्या अगदी सुरुवातीच्या रॉक अँड रोल गाण्यांत त्याची गणना होते आणि ती बरोबरच आहे. पण त्याला चिकटून दुसरं एक वाक्य हटकून येतं: ‘म्हणजे इंग्रजीची नक्कलच की!’ या वाक्याशी माझं भांडण आहे. गाण्याचं गोत्र नीट काढलं, तर ते अमेरिकेत जातं हे खरं, पण वाटेत ते पुणतांब्याला थांबतं, नागपूरला थांबतं आणि गोव्यालाही थांबतं.

आधी अमेरिका पाहू. रॉक अँड रोल जगभर पोचवणारं गाणं म्हणजे बिल हेली याचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’. मॅक्स फ्रीडमन आणि जेम्स मायर्स या दोघांच्या नावावर ते आहे. हेलीला ते आधीपासून गायचं होतं, पण त्याच्या तेव्हाच्या कंपनीच्या मालकाचं मायर्सशी पटत नव्हतं, त्यामुळे राहून गेलं. दरम्यान दुसऱ्याच एका वाद्यवृंदानं ते ध्वनिमुद्रित केलं. ते फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे हेली डेक्का कंपनीत गेला आणि १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याला संधी मिळाली. त्या दिवशीचा बहुतेक वेळ दुसऱ्याच गाण्यात गेला. हे गाणं शेवटी उरल्यासुरल्या वेळात घाईघाईनं उरकलं. तबकडीच्या मागच्या बाजूला त्याला जागा मिळाली. थोडीफार विक्री झाली आणि विषय संपला.

पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ नावाचा चित्रपट निघाला. शहरातल्या दांडगट विद्यार्थ्यांच्या शाळेची गोष्ट, नायक ग्लेन फोर्ड. असं सांगतात, की ही तबकडी ग्लेन फोर्डच्या शाळकरी मुलाकडे होती, दिग्दर्शकानं ती त्याच्या घरी ऐकली आणि चित्रपटाच्या नामावलीवर वापरली. थिएटरच्या मोठ्या कर्ण्यांतून ती चाल ऐकल्यावर पोरं खुर्च्या सोडून नाचू लागली. जुलै १९५५ मध्ये गाणं अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिलं आलं आणि आठ आठवडे तिथून हललं नाही. या गाण्यातला गिटारचा प्रसिद्ध तुकडा वाजवणारा डॅनी सेड्रोन हे पाहायला नव्हता. ध्वनिमुद्रणानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी, जून १९५४ मध्ये, जिन्यावरून पडून तो वारला होता. त्या दिवसाच्या कामाचे त्याला एकवीस डॉलर मिळाले होते.

हे रॉक अँड रोल तरी शुद्ध अमेरिकन कुठे होतं? काळ्या लोकांचं ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आणि गोऱ्या शेतकऱ्या-गुराख्यांचं ‘कंट्री’ संगीत यांची ती सरमिसळ होती. ‘हाउंड डॉग’ हे गाणं १९५६ साली एल्व्हिस प्रेस्लीनं जगभर नेलं, पण त्याआधी ते बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेनं गाऊन गाजवलेलं होतं. तिच्यासाठी ते लिहिलं दोन गोऱ्या पोरांनी. तेव्हा नक्कल कुणी कुणाची केली, याचा हिशेब त्यांच्याकडेही सोपा नाही.

आता आपल्याकडे येऊ. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. नावातला ‘सी’ चितळकरांचा. १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्म. गाणं शिकले ते नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे. विदर्भातल्या माणसानं हे जरा अभिमानानं सांगायला हरकत नाही. विनायकबुवा म्हणजे पलुस्करांच्या परंपरेतले, ग्वाल्हेर घराण्याचे नामांकित गवई. त्यांचा तराणा ऐकायला लोक दुरून येत. हा तराणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चितळकर सिनेमात शिरले ते नट व्हायला. ‘नागानंद’ चित्रपटात ते नायक होते, पण चित्रपट चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ कामं आणि पेटी वाजवणं. पेटीनंच पुढे वाट दाखवली. संगीतकार म्हणून सुरुवातीची कामं तमिळ चित्रपटांत मिळाली आणि १९४२ मध्ये ‘सुखी जीवन’नं ते हिंदीत आले. तिथे जोडी जमली भगवान पालव यांच्याशी, म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा हा मुलगा आणि पुणतांब्याचा हा पेटीवाला, दोघांनाही पाश्चात्त्य नाचगाण्याचं भारी वेड. १९४७ च्या ‘शहनाई’तलं ‘संडे’वालं गाणं आठवून पाहा. सोवळ्या मंडळींनी त्यावर नाकं मुरडली आणि देशानं ते डोक्यावर घेतलं. १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. भगवानदादांचं ते थांबत थांबत, खांदे उडवत नाचणं आजही गणपतीच्या मिरवणुकीत दिसतं. नाचणाऱ्याला त्याचं मूळ ठाऊक नसतं, एवढंच.

सी. रामचंद्रांनी उचलेगिरी कधीच केली नाही, असं म्हणणारा मी नव्हे. ‘समाधी’ (१९५०) चित्रपटातलं लता आणि अमीरबाईंचं ते गोरं गोरं गाणं एका लॅटिन अमेरिकन ढंगाच्या चालीवरून घेतलेलं आहे. ती चाल एडमंडो रॉसच्या वाद्यवृंदानं गाजवलेली होती. दोन्ही पाठोपाठ ऐकली तर कुणालाही कळेल. पुढे इतरांनीही हे सर्रास केलं. ‘दिल देके देखो’ या १९५९ च्या चित्रपटाचं शीर्षकगीत हे ‘शुगरटाइम’ नावाच्या, वर्षभर आधी गाजलेल्या अमेरिकन गाण्याचं हिंदी कपडे घातलेलं रूप आहे. पण ‘ईना मीना डीका’ ज्या तबकडीवरून जसंच्या तसं उतरवलं असं बोट दाखवून सांगता येईल, अशी तबकडी माझ्या तरी ऐकण्यात नाही. घेतला तो ढंग. ढंगावर कुणाचा सातबारा नसतो.

हा ढंग मुंबईत आणला कुणी? इथे गोवा येतो.

पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथे पोटापाण्याची सोय कमी, म्हणून ही मुलं बोटीनं मुंबईला येत आणि हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवत. हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ हा त्यांतलाच. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगची आठवण करून द्यायचा, म्हणून लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणत. ताजमहाल हॉटेलात त्याच्या बँडवर साहेबलोक आणि संस्थानिक नाचत. १९४७ नंतर साहेब गेले, संस्थानिकांचे खिसे आटले, आणि १९४९ च्या कायद्यानं मुंबई राज्यात दारूबंदी आली. प्यायला नाही म्हटल्यावर नाचायला कोण येणार? हॉटेलांचे बँड ओस पडू लागले आणि वादक दादर-ताडदेवच्या स्टुडिओंकडे वळले. मोरारजीभाईंच्या दारूबंदीनं दारू किती थांबली हा वादाचा विषय, पण हिंदी सिनेमाला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मिळायला तिची मदत झाली हे नक्की.

सिनेमावाल्यांनाही हे लोक हवेच होते. आपल्या संगीतकाराला चाल सुचते ती पेटीवर, गळ्यातून. तीस-चाळीस वादकांनी एका वेळी एकच गोष्ट वाजवायची, तर प्रत्येकासमोर कागद लागतो. तो कागद लिहिणारा माणूस बहुधा गोव्याचा. चालीच्या मधल्या जागा भरायच्या, ट्रम्पेटनं कुठे हाळी द्यायची, व्हायोलिननं कुठे आधार द्यायचा, हे सगळं तो ठरवी. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त चिक चॉकलेटचा हात आहे, एवढंच नव्हे, तर तो आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. आणि ‘आशा’च्या वेळी सी. रामचंद्रांच्या हाताखाली होते जॉन गोमिश, हेही गोव्याचे.

आता गाणं कसं जन्मलं ते ऐका. गोष्ट अशी सांगतात. चाल बांधायला मंडळी संगीतकक्षात बसली होती आणि बाहेर मुलं खेळत होती. राज्य कुणावर हे ठरवायला ती ‘ईनी मीनी मायनी मो’ म्हणत होती. सी. रामचंद्रांनी ते पकडलं आणि त्याचं ‘ईना मीना डीका’ केलं. गोमिश यांनी त्याला आपली कोकणी जोडली: ‘माका नाका’, म्हणजे ‘मला नको’. मग एकानं एक अक्षर टाकायचं, दुसऱ्यानं त्यावर कडी करायची, असा खेळ रंगला आणि मुखडा तयार झाला. तेव्हा ज्या ओळीला आपण इंग्रजी समजतो, तिच्या पोटात कोकणी ‘नको’ दडलेलं आहे. बेळगाव-सावंतवाडीकडच्या माणसाच्या ते चटकन लक्षात येतं. आपण वऱ्हाडातले, आपल्याला ते सांगावं लागतं.

मुलांच्या त्या ‘ईनी मीनी’लाही स्वतःचं गोत्र आहे. राज्य काढायचे असे मंत्र जर्मनीपासून डेन्मार्कपर्यंत सापडतात. बोल्टन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १८८८ मध्ये त्यांचं एक पुस्तकच काढलं. अमेरिकेतल्या जुन्या रूपात काळ्या माणसासाठीचा एक अत्यंत अपमानकारक शब्द होता. तो पुढे लोकांनी काढून वाघ घातला. म्हणजे पाहा: काळ्या लोकांच्या संगीतातून निघालेला ठेका आणि त्यांनाच हिणवणारं बालगीत, दोन्ही मुंबईत येऊन एका गाण्यात भेटले. येताना तो घाणेरडा शब्द वाटेतच गळून पडला आणि त्याच्या जागी आली कोकणी. मला हा योगायोग फार आवडतो.

अर्थ नसलेली अक्षरं गाणं हे आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही. ‘अडगुलं मडगुलं’ आणि ‘अटक मटक’ म्हणत आपण वाढलो, तेव्हा अर्थ विचारला होता का? शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी’ करतात, त्याचा अर्थ काय लावणार? आणि तो मघाचा तराणा! तोम, तनन, दिर दिर ही अक्षरं घेऊन विनायकबुवांसारखा गवई अर्धा-अर्धा तास मैफल डोलवत असे. तिथे शब्दाचं ओझं नसतं, म्हणून लय मोकळी धावते. तबला शिकणारा पोरगाही हात लावण्याआधी बोल तोंडानं म्हणतो.

नेमकं हेच अमेरिकेतही घडलं होतं. लिटल रिचर्ड नावाचा काळा गायक मॅकन गावच्या बसस्थानकाच्या उपाहारगृहात भांडी घासायचा. त्याचं ‘टूटी फ्रूटी’ हे गाणं १९५५ मध्ये आलं. त्याची सुरुवात अशाच एका अर्थहीन अक्षरांच्या फैरीनं होते. ती फैर म्हणजे त्याच्या डोक्यात घोळणारा ड्रमचा तुकडा होता. तो त्यानं तोंडानं वाजवला. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यानं बोल म्हटले! मॅकनच्या भांडी घासणाऱ्याला जे सुचलं ते नागपूरच्या सप्रे गुरुजींच्या विद्यार्थ्याला शिकवावं लागलं नसणार. सी. रामचंद्रांनी ‘तराणा बांधू या’ असं ठरवून हे केलं, असा माझा दावा नाही. पण ज्याच्या कानावर लहानपणापासून तराणे पडले, त्याला ‘ईना मीना’ ऐकून संकोच वाटला नाही, ‘लोक काय म्हणतील’ असं वाटलं नाही, हे मला त्या तालमीचंच फळ वाटतं.

आणि गायला कोण मिळाला? किशोरकुमार! शास्त्रीय तालीम न घेतलेला, पण गळ्यातून वाट्टेल ते काढणारा माणूस. अर्थ नाही म्हटल्यावर गायकाला आधार उरतो तो फक्त आवाजाचा आणि लयीचा. त्यातही ते दिवस असे, की गायक आणि सगळा ताफा एकाच वेळी गाई-वाजवी. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आशाबाईंची आवृत्ती तुलनेनं कमी ऐकली जाते. ती मुद्दाम ऐकावी. किशोरकुमार हुंदडतो, आशाबाई मात्र तीच अक्षरं लाडिकपणे फेकतात.

गाणं मुंबईत झालं, पण पुसदसारख्या रेल्वे नसलेल्या गावी ते पोचलं कसं? चित्रपट तालुक्याच्या गावी यायला तेव्हा बराच अवधी लागे. गाणं आधी यायचं रेडिओवरून, आणि तो रेडिओ आपला नव्हता. इथे आकाशवाणीवर बसून आकाशवाणीची उणी काढणं बरं नव्हे, पण इतिहास आहे तो आहे. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात नभोवाणीमंत्री होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी कात्री लावली, निर्मात्यांशी बिनसलं आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळपास दिसेनाशी झाली. शास्त्रीय संगीताला केसकरांनी घराघरात नेलं, त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सरकवून सिलोन लावलं. १९५२ पासून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ तिथून सुरू झाली होती. त्या काळी रेडिओला सरकारी परवाना लागे, म्हणून ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओसरीवर बुधवारी रात्री शेजारपाजार जमे.

शेवटी सरकारलाच वळावं लागलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. वर्ष लक्षात घ्या. ‘आशा’ही त्याच वर्षीचा. एक मराठी मंत्री ज्या तऱ्हेची गाणी दाराबाहेर ठेवू पाहत होते, त्या तऱ्हेचं सगळ्यात खट्याळ गाणं एक मराठी संगीतकार त्याच सुमारास बांधत होता. दोघांचीही बैठक शास्त्रीय संगीताचीच.

सी. रामचंद्र या वळणावर अडकून पडले नाहीत. ‘अनारकली’तल्या (१९५३) चाली त्यांच्याच. गदिमांच्या ‘गीतगोपाल’चं संगीतही त्यांचं. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी कवी प्रदीपांचं जे गीत गायलं आणि पंडित नेहरूंचे डोळे पाणावले, त्याची चालही याच माणसाची. एकाच पेटीतून हे सगळं निघालं. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचं आत्मचरित्र १९७७ मध्ये आलं. ते रोखठोक आहे, काहींना ते झोंबलंही. ५ जानेवारी १९८२ रोजी ते गेले.

‘ईना मीना डीका’ मात्र फिरत राहिलं. १९९४ मध्ये याच नावाचा एक हिंदी चित्रपट निघाला. भगवानदादांच्या आयुष्यावर २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला, त्यात मंगेश देसाईंनी दादा उभे केले. हे चांगलं झालं. ट्रम्पेटवाल्या, कागद लिहिणाऱ्या मंडळींच्या वाट्याला एवढंही फारसं आलं नाही. तबकडीच्या चकतीवर चित्रपटाचं नाव असे, गायकाचं असे, पण वादकांच्या नावाला तिथे जागा नव्हती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक सुदैवी म्हणायचे. त्यांच्याकडे शिकलेल्या प्यारेलाल यांच्या संगीतातल्या एका गाण्यात, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये, त्यांचं नाव आलं आणि ते घरोघरी पोचलं. ऐकणाऱ्यांना मात्र ते अमिताभ बच्चनचंच नाव वाटलं. चिक चॉकलेट १९६७ मध्ये वारला. जॉन गोमिश यांचं नाव ‘ईना मीना डीका’ गाणाऱ्या शंभरांतल्या एकालाही ठाऊक नसेल. ‘माका नाका’ मात्र सगळे म्हणतात.